डीपीवरच्या दहा पंपमोटारी एकदम उठू नयेत म्हणून : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातला. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर म्हणून ३४ वर्षं एकच काम केलं : मोटार नीट सुरू करायची, नीट चालवायची, नीट थांबवायची. १९८७ साली पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा आम्ही साखर कारखान्यांसाठी थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचचे डीसी ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या पेट्या, बनवायचो. पुढे आयजीबीटी हे अधिक वेगवान स्विच आले, एसी ड्राइव्ह आले. जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेलं व्हेक्टर कंट्रोल, म्हणजे एसी मोटारीचा जोर नेमका हाताळायचं तंत्र, आमच्या टेबलावरच्या एका चिपमध्ये मावू लागलं. साधी इंडक्शन मोटार डीसी मोटारीसारखी हुकमी चालते हे पहिल्यांदा स्कोपच्या पडद्यावर पाहिलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आज लिहितोय ते मात्र याहून खूप साध्या गोष्टीबद्दल. शेतीपंपाच्या पेटीत बसणाऱ्या, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचबद्दल.

सुटीला गावी आलो की माझा एक फेरा रिवाइंडिंगच्या दुकानात असतोच. तिथले मिस्त्री जळालेली मोटार उघडतात तेव्हा वॉर्निशचा कडवट वास रस्त्यापर्यंत येतो. एकदा त्यांनी दोन मोटारी शेजारी ठेवून दाखवल्या. "ही बघा, दोन फेजांची तार काळी, एका फेजची कोरी. हिची एक फेज गेली होती. आणि ही तिन्हीकडनं सारखीच करपलीय. हिला उठताच आलं नाही." दुसऱ्या प्रकारच्या मोटारी उन्हाळ्यात जास्त येतात, असंही ते म्हणाले. का, ते मला कागदावर मांडता येत होतं.

६३ केव्हीएच्या डीपीतून, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, प्रत्येक फेजला साधारण ८४ अँपिअर मिळतात. ५ एचपीची मोटार चालताना ८ अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे दहा मोटारी चालू शकतात. पण उठताना, म्हणजे सुरू होताना, हीच मोटार सहा पट करंट मागते. उन्हाळ्यात सगळ्यांनाच पाणी हवं असतं. वीज आली, दहाही ऑटो स्विच लागलेले, दहाही मोटारी एकाच क्षणी उठायला निघाल्या, की मागणी होते ४८० अँपिअर. एवढं द्यायची त्या डीपीची ताकदच नाही. मग व्होल्टेज कोसळतं. ४१५ चे ३०० झाले की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. पूर्ण वेग गाठायला लागणारा जोर तर तेवढाच. मोटार वेग पकडू शकत नाही, हुंकारत राहते आणि तापते. नेहमीच्या करंटच्या चौपट जरी तिच्यातून गेला तरी तारेतली उष्णता सोळा पट होते. जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले जागेवर असला तर वाचते. बऱ्याच पेट्यांत तो वायरचा तुकडा टाकून थेट केलेला असतो.

यावर ऑटो स्विच काढून टाका असं सांगितलं जातं. साहेब, रात्री बाराला पंपाची थ्री फेज वीज येते. उसातून विहिरीपर्यंत जायचं, पायाखाली साप-विंचू, हल्ली बिबट्याही. माणसाने ऑटो लावला यात त्याची चूक काय? ऑटो राहिलाच पाहिजे. तो शहाणा करायला हवा.

मी पहिला प्रयत्न केला तो ५५५ टायमर या वेळ मोजणाऱ्या साध्या चिपचा. वीज आली की काही सेकंद थांबून मोटार सुरू करायची, आणि किती थांबायचं ते एका नॉबने ठरवायचं. दहा शेतकऱ्यांना दहा वेगळ्या वेळा लावून दिल्या. महिन्याभराने पाहिलं तर सगळे नॉब शून्यावर! कारण उघड होतं. जो आधी उठतो त्याला व्होल्टेज मिळतं, मागच्याला मिळत नाही. आठ तासांच्या विजेत कोण थांबणार? सर्किट बरोबर होतं, माणसाचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या पेटीत नॉबच ठेवला नाही. एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी छोटी चिप, आधी तिन्ही फेजांचं व्होल्टेज मोजतो. मग लाइनवरच्या गोंगाटातून, म्हणजे व्होल्टेजच्या बारीक, अनियमित चढउतारांतून, एक आकडा उचलून २० सेकंद ते ५ मिनिटं यांमधली कुठलीतरी वेळ निवडतो, दर वेळी नवी. आज मी मागे तर उद्या तुम्ही. त्या वेळात शेजारची मोटार उठली आणि व्होल्टेज पडलं, तर ते सावरेपर्यंत आणखी थांबतो. आमच्या ओढ्याकाठच्या डीपीवर दहापैकी आठ जणांनी ही पेटी लावली आहे. त्यानंतर ती डीपी जळून उतरवावी लागलेली नाही.

ही पेटी तपासून घ्यायला मी एका प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी सांगितलेली फी माझ्यासारख्या एकट्या माणसाला झेपणारी नव्हती. एका कार्यालयात फाइल दिली, तिथून दोन वर्षांत एक ओळीचंही उत्तर आलं नाही. मला पेटंट नको, पैसे नकोत. पण चाचणीचा कागद नसलेली पेटी गावोगावी कोण लावून घेणार?

इथे मला फ्रँक नोला आठवतात. अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरमधले, म्हणजे नासाचे इंजिनिअर. कमी भारावर चालणारी मोटार विनाकारण वीज खाते हे त्यांना खटकलं. भार हलका झाला की करंट व्होल्टेजच्या जास्त मागे पडतो. नोलांचं सर्किट हे मागे पडणं मोजायचं आणि ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचने प्रत्येक सायकलचा थोडा भाग कापून व्होल्टेज कमी करायचं. १९७७ साली पेटंट मिळालं, ते सरकारच्या नावावर. नासाने ते कपाटात ठेवलं नाही, अनेक उत्पादकांना परवाने दिले. या सर्किटचा आमच्या पंपाला उपयोग नाही, हेही सांगायला हवं, कारण पंप पूर्ण भारावरच चालतो. मला हवी आहे ती त्यामागची रीत : सरकारी खात्यातल्या माणसाने बनवावं, सरकारने तपासावं आणि बनवणाऱ्यांच्या हाती द्यावं.

आपल्याकडे हे सहज होईल. शेतीपंपाच्या प्रत्येक ऑटो स्विचमध्ये व्होल्टेज पाहून, दर वेळी वेगळा वेळ थांबणारं आणि नॉब नसलेलं सर्किट असलंच पाहिजे, असा नियम करा. सर्किट आणि प्रोग्रॅम सरकारने सर्वांसाठी खुला करावा. माझा तर मी आजच देतो. तपासणी जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकमध्ये व्हावी, छोट्या बनवणाऱ्याला परवडेल अशा फीमध्ये.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून काही ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली, याचं मला मनापासून समाधान आहे. रात्रीची पायपीट वाचते. पण वाहिनी सकाळी सुरू झाली तरी दहा ऑटो स्विच एकाच क्षणी लागतात, आणि डीपी तीच असते. ज्यांना स्वतंत्र सौरपंप मिळाला त्यांच्या कंट्रोलरमध्ये मोटार हळूहळू उठवायची सोय असते. लाइनवरच्या शेतकऱ्याला तेवढंही मिळू नये का?

एखाद्या रात्रपाळीच्या आठवड्यात आपला एक अधिकारी टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, घेऊन आमच्याकडे पाठवा. एका रात्री सगळ्या पेट्या जुन्या पद्धतीने लावू, दुसऱ्या रात्री नव्या. आकडे त्यांनी स्वतः लिहून घ्यावेत. डीपीपर्यंत वाट दाखवायला मी बॅटरी घेऊन बांधावर उभा असेन.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर
जि. सांगली