पालकांसाठी सूचना : पोराला फुटबॉलसाठी बाहेर पाठवण्याआधी

"परदेशी क्लबात पोरगं लावून देतो, आधी पैसे भरा" असे फोन पुन्हा सुरू झालेत. कुणीही रुपया देऊ नये. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार, मोजके अपवाद सोडता, १८ वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. वाट देशातही आहे.

निवासी अकादमीनं बोलावलं तर शाळेचं काय, दुखापतीचा खर्च कोणाचा आणि मुख्य म्हणजे वर्षाला सामने किती, हे विचारा. नुसता सराव इथंही होतो! वय कमी दाखवायचा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सही करण्याआधी कागद प्रशिक्षकांना दाखवावेत.

– सचिव