काजव्यांचं झाड अंधारातच राहू द्या

महोदय,

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात काजवे दिसू लागतात. परवा रात्री नातवाला घेऊन शेताच्या बांधावर बसलो होतो. समोरचा जुना ऐन बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होता. एवढ्यात पलीकडच्या नव्या फार्महाऊसवर रानाकडे तोंड केलेला फ्लडलाइट लागला. "आजोबा, काजवे कुठं गेले?" पोरानं विचारलं. काजवे तिथंच होते, पण एकमेकांना दिसेनासे झाले होते.

नर चमकून साद घालतो, मादी झुडपातून चमकून ओ देते, तेव्हा कुठं जोडी जमते. अळीपणी महिनोन्‌महिने पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेला हा किडा पंख फुटल्यावर थोडेच दिवस जगतो. त्या रात्रीही झगमगाटात गेल्या तर पुढची पिढी येणार कुठून?

अंधारावर जगणारे काजवे एकटेच नाहीत. इथून जवळच भीमगड अभयारण्य आहे. २०११ साली ते जाहीर झालं. तिथल्या बारापेडेच्या गुहांतलं राउटनचं वटवाघूळ १९१३ पासून शास्त्राला ठाऊक आहे आणि पुढं कित्येक दशकं ते जगात दुसरीकडं कुठंही सापडलं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्याच, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत बसवलंय. आपल्या खानापूर तालुक्यातल्या किती पोरांना हे माहीत असेल?

पावसाळ्यात फुलणारी वाघचौरा ही आमरीही (ऑर्किड) अशीच, अंधारावर अवलंबून. पांढरंशुभ्र फूल, मागं लांबलचक नळी, तिच्या तळाशी मध. तिथवर लांब सोंडेच्या पतंगाचीच सोंड पोचते, आणि पतंग तर रात्रभर दिव्याभोवती घिरट्या घालतात. सकाळी त्या फ्लडलाइटखाली मी ओंजळभर मेलेले पतंग पाहिले.

गावातल्या दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही. साप-किरडाच्या मुलखात अंगणात दिवा हवाच. पण फार्महाऊस आणि रिसॉर्टना परवानगी देताना ग्रामपंचायतींनी दिव्यांना वरून झाकण, तोंड जमिनीकडं आणि रात्री दहानंतर बंद, एवढ्या अटी घालाव्यात. वनखात्यानं निदान अभयारण्याच्या कडेला तरी त्या पाळल्या जातात का, हे पाहावं. काजवे बघायला येणाऱ्यांनीही झाडावर मोबाईलचा टॉर्च मारू नये.

समोरच्या मालकांना मी जाऊन विनंती केली. चार रात्री दिवा बंद होता, पाचव्या रात्री पुन्हा लागला. मिरगाचा पाऊस जोर धरला की काजवे संपतील. तेवढे दिवस तरी तो बंद राहावा.

— एक शेतकरी वाचक, जांबोटी (ता. खानापूर)