नऊच्या गोळ्या

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

गणपतीपासून तुला फोन नाही, कबूल. शिव्या नंतर घाल, आधी वाच.

आईचा उजवा गुडघा बदलला. मंगळवारी ऑपरेशन, काल घरी आणली. टाके ठीक, शुगर ठीक, वॉकर घेऊन संडासापर्यंत जाते. झालं तब्येतीचं.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, पण नंतरच्या दुखण्यासाठी भूलतज्ज्ञ बाईंनी मांडीत ब्लॉक दिला. सोनोग्राफीच्या पडद्यावर नस बघायची आणि तिच्याशेजारी औषध सोडायचं. आई जागी होती. मशीन फिरायला लागल्यावर म्हणे, "मुलगा की मुलगी ते सांगू नका हं, बंदी आहे." बाई बाहेर येऊन सांगताना हसत होत्या. इकडे मी ठाकुर्लीच्या आत्याला "ब्लॉक दिलाय" म्हणालो, तर तिने "किती टक्के?" विचारून रडायलाच सुरुवात केली.

संध्याकाळी आई राणीसारखी. फिजिओने उभी केली, चार पावलं टाकली. बाईंनी समजावलं की पूर्वी हा ब्लॉक जांघेत द्यायचे, त्याने मांडीचा जोरच जायचा आणि पेशंट उठायला गेला की पडायचा. आता मांडीच्या मध्यावर देतात. दुखणं जातं, ताकद बरीचशी राहते. गुडघ्याच्या मागच्या बाजूला याचा उपयोग नाही, तिथे वेगळी सुई. आणि मग मला, खास मला, म्हणाल्या, "हे सुख उसनं आहे. बारा ते चोवीस तासांत कधीही उतरेल, आणि उतरेल तेव्हा एकदम. म्हणून आत्ता दुखत नसलं तरी गोळ्या वेळेवर."

मी मान डोलावली. तुला माहितीये माझी मान.

रात्री नऊला सिस्टर गोळ्या ठेवून गेली. पलीकडे कुणाची तरी बेल वाजत होती, तिने घाईत फाइलवर खूण केली. आई घोरत होती. मी विचार केला, दुखतच नाहीये तर कशाला? आधीच ॲसिडिटी, त्यात किडनी. गोळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

दोन चाळीसला जाग आली ती कसल्यातरी खडखडाटाने. आईने पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो हलत होता. तोंडात चादरीचं टोक. आवाज नाही. बाबा गेले तेव्हाही न रडलेली बाई, बाळ्या. मला बघून टोक काढलं आणि म्हणाली, "तू झोप." सलाइनमधून औषधं दिली तरी तासभर लागला.

सकाळी बाईंनी विचारलं, "नऊच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?" सिस्टर शेजारीच. फाइलवर खूण. मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. त्यांनी लिहून घेतलं, ब्लॉक लवकर उतरला. आता दिवाळीनंतर डावा गुडघा. त्या वेळी मांडीत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवायचं म्हणतात. म्हणजे माझ्या थापेवर आईच्या पायात नळी. खरं सांगावं तर ती पोरगी अडकते, जेमतेम बावीस-तेवीसची असेल. न सांगावं तर आई आहेच. अख्ख्या सोसायटीला सांगत सुटलीये की त्या बाईचं इंजेक्शन कुचकामी. काल लिफ्टमध्ये जोशीकाकूंना सांगत होती, मी मजल्यांचे आकडे बघत उभा. डाव्याला तर ती नाहीच म्हणतेय.

कशेळीच्या पुलावर तू गाडी थांबवून म्हणाला होतास, "तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, हाच तुझा रोग." मी आठ महिने बोललो नव्हतो तुझ्याशी. (पेट्रोलचे दोनशे तुझ्याकडेच आहेत अजून, तो मुद्दा वेगळा.) आता सगळं घडून गेल्यावर रात्री जागून वाचतोय. 1884 साली हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनने कोकेन टोचून नसा बधिर करायचे प्रयोग सुरू केले, स्वतःवरही, आणि त्याचंच व्यसन लागलं त्याला. त्याने निदान स्वतःचं अंग वापरलं.

हे सुनीताला सांगितलेलं नाही. तुलाच का, ते तुला कळेल. अण्णांच्या उशीखालची पुडी आपण दोघांनीच पाहिली होती, आणि तूही तेव्हा "हो"च म्हणाला होतास.

तुझं बरं ना? चिन्याची बारावी यंदाच ना? वहिनींच्या बदलीचं काय झालं ते कळव. कोथरूडचं घर विकू नकोस एवढ्यात.

गोळ्या अजून त्याच शर्टात आहेत. शर्ट धुवायला टाकलेला नाही. बुधवारी टाके बघायला जायचंय, बाई तिथेच असतात. त्याआधी काहीतरी लिही, दोन ओळी चालतील. घरच्या नंबरवर फोन करू नकोस, हल्ली आई उचलते.

तुझा,
दिल्या