संध्याकाळची तूट

सांगली, रविवार दुपार

चि. माऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीला लागलेल्या मुलीला माऊ म्हणायचं नाही, असं हैदराबादला निघताना बजावलं होतंस. पाकिटावर पूर्ण नाव घातलंय, आत मात्र माऊच.

परवा तू पहिल्या क्रेडिट कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलास. आत्याने हार्ट पाठवले, मामाने पार्टी मागितली, आणि मी म्हटलं, आधी तो फोटो काढ. तू चिडलीस. सोळाच्या सोळा आकडे दिसत होते गं. पण मी एवढी का दचकले ते तुला कळायचं काही कारण नव्हतं, कारण ते मी तुला सांगितलेलंच नाही. फोनवर बोलायला जाते तर शब्द फुटत नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी पावणेबाराची वेळ, कुकर गॅसवर. मेसेज आला की कार्डावरचे ६,८५० पॉइंट आज रात्री बारा वाजता रद्द होणार, त्याआधी रोखीत बदलून घ्या, खाली लिंक. मी दाबली. पान उघडलं ते हुबेहूब आपल्या बँकेचं, तोच रंग, तेच चिन्ह. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तोही भरला. ‘पॉइंट २४ तासांत जमा होतील’ असं दिसलं आणि मी वरणाला फोडणी द्यायला गेले.

त्या ओटीपीच्या मेसेजमध्ये सगळं लिहिलेलं होतं. रक्कम १८,४९९ रुपये, पुढे कुठल्याशा दुकानाचं नाव. मी फक्त सहा आकडे वाचले. एकतीस वर्षं सहकारी बँकेत कॅशियर होते मी. अक्षरातली आणि आकड्यातली रक्कम ताडून पाहिल्याशिवाय एक चेक पास केला नाही, ओळखीच्या माणसाचासुद्धा. आणि इथे पैसे जमा व्हायला ओटीपी कशाला लागेल, एवढाही विचार मनात आला नाही.

जेवताना पैसे गेल्याचा मेसेज पाहिला. घास गिळेना. आणि इथून पुढचं मला जास्त लागतं. मी गप्प बसले. बाबा समोरच पेपर वाचत होते. कुणाला सांगायचं, की गावाला नोटा मोजून देणारी बाई अशी फसली म्हणून? म्हटलं बघू, कदाचित परत येतील, २४ तास म्हटलंय ना. चार वाजून पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला, १४० डॉलर. परदेशातली कुठलीशी साइट. या वेळी ओटीपी आलाच नव्हता. आदल्या वर्षी आम्ही श्रीलंकेला गेलो तेव्हा परदेशी व्यवहाराचं बटण चालू केलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं होतं. बाहेरच्या कितीतरी साइटवर ओटीपी मागतच नाहीत, नंबर, मुदत आणि ते तीन आकडे हाती असले की झालं.

साडेपाचला शेवटी कार्ड उलटं केलं, मागे छापलेला नंबर फिरवला आणि कार्ड बंद केलं. सहा वाजून दहा मिनिटांनी तिसरा प्रयत्न झाला, तो नाकारला गेल्याचा मेसेज आला. तो मी अजून पुसलेला नाही.

बँकेशी दोन महिने पत्रव्यवहार केला. दोन्ही रकमा माझ्याच खात्यावर राहिल्या. रागावून उपयोग नव्हता, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी नोकरीत असताना स्वतः फाइलला लावलंय. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, भलत्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुम्हाला एक रुपयाची झळ नाही. पण ओटीपी तुम्हीच दिलात तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पावणेबारा ते साडेपाच हा सगळा वेळ माझा होता. पहिले गेले ते बावळटपणाने, दुसरे लाजेने.

काउंटरवर संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आम्ही काय करायचो, आठवतं? तू शाळेतून थेट बँकेत यायचीस, माझ्या ओल्या स्पंजशी खेळत बसायचीस. तूट पन्नास रुपयांची असो की पाच हजारांची, शटर ओढायच्या आत मॅनेजरसाहेबांना सांगायची. उद्या सापडेल म्हणून रात्रभर पोटात ठेवली की दुसऱ्या दिवशी तिची चोरी होते. हे मी नव्या पोरांना शिकवत होते.

तर आता तुझ्या कार्डाकडे ये. खात्यात शिरायचं ते आपल्या पायाने. बँकेचं अॅप उघड किंवा पत्ता स्वतः टाइप कर. मेसेज, मेल, व्हॉट्सअॅप, फोन, यातून कुणी दार दाखवलं की त्या दाराने जायचं नाही, मग ते दार खरं का असेना. मी नंतर चष्मा लावून ते पान पुन्हा पाहिलं. पत्त्यात सुरुवातीला बँकेचं नाव होतं, शेवटी ‘डॉट टॉप’. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं, तेव्हा डोळा पत्त्याच्या शेपटावर ठेव. आणि व्हॉट्सअॅपवर अॅपची फाइल आली, बँकेची म्हणा, गाडीच्या दंडाच्या पावतीची म्हणा, तिला हात लावायचा नाही. ती आत बसली की तुझे मेसेज तुझ्याआधी दुसराच वाचतो.

अॅपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’ असं काहीतरी सापडेल. परदेशी व्यवहार बंद ठेव. एटीएममधून रोख काढणंही बंद, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. नुसतं टेकवून पैसे देणं हवंच असेल तर मर्यादा कमी कर. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही आणि तू पर्स कुठेही विसरतेस. ऑनलाइन खरेदीची मर्यादा तुझी तू ठरव, पण तुला मिळालेल्या लिमिटएवढी नको. लागलं तर वाढवता येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड साठवू नकोस. मेलचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, कारण ‘पासवर्ड विसरलात का’ म्हटलं की बरेचदा सगळी सूत्रं मेलवरूनच हलतात. स्टेटमेंटची पीडीएफ कुणाला पुढे पाठवू नकोस. बऱ्याच बँकांत तिचा पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख, आणि तुझी जन्मतारीख तर अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे.

एक घरातलीच गोष्ट. तुझ्या जुन्या खात्याला अजून बाबांचा मोबाइल नंबर आहे. तू फोन करतेस, बाबा अंगणात उभं राहून मोठ्याने ओटीपी वाचतात, चार दोन सहा सहा... शेजारच्या काकूंना एव्हाना पाठ व्हायचा. हसू नकोस. लेकीने मागितला की ओटीपी सांगायचा, ही सवय आपणच त्यांना लावलीय. उद्या कुणी ‘मी तुमच्या मुलीच्या ऑफिसमधून बोलतोय’ म्हणून मागितला तर ते सांगतील. या आठवड्यात शाखेत जाऊन नंबर बदल.

बिलाचं थोडक्यात. पूर्ण रक्कम भरायची. ‘किमान देय’ हा आकडा आपल्यासाठी नाहीच असं समज, उरलेल्यावर महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढतं, वर्षाचं काय होतं ते तूच काढ. ऑटो-पे लाव, पण लावलं म्हणून स्टेटमेंट वाचायचं सोडू नकोस. एक-दोन रुपयांची अनोळखी नोंद दिसली तर किरकोळ म्हणून सोडायची नाही. चोर आधी चिल्लर टाकून बघतो.

आणि घडलंच काही, तर कार्ड अॅपमधून तिथल्या तिथे बंद कर, बँकेला कळव, तक्रारीचा क्रमांक लिहून घे, मग १९३० ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, फोन. बँकेचा नंबर आत्ताच कार्डाच्या मागून बघून फोनमध्ये साठव. घाबरलेल्या माणसाने नेटवर हेल्पलाइन शोधली की तिथेही चोरच फोन उचलतात. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. आणि एक फोन मला. रात्री दोन वाजता केलास तरी चालेल, मी काही विचारणार नाही. बरं, थोडं विचारेन.

लाडूंचा डबा वेगळा पाठवतेय, या वेळी डिंक कमी घातलाय.

बाबांना मी पहिल्याच रकमेचं सांगितलंय. डॉलरचं तू बोलू नकोस. ते आता झोपलेत, उठले की चहाबरोबर मीच सांगते.

तुझी,
आई