पश्या, तो लोगो झाला एकदाचा

पुणे, रविवार रात्र

प्रिय पश्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस की त्या बायकांच्या संस्थेच्या लोगोचं काय झालं, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं पण लाज वाटत होती. आता काम झालंय, शिवाय तुझ्याकडे एक काम पण आहे, म्हणून सगळं लिहूनच काढतो. फोनवर तू मधे मधे हसतोस.

सुरुवातीपासून सांगतो. संस्था आटपाडीच्या पुढची, बचत गटांची. नाव लिहीत नाही, बॅगेवर वाचशीलच. काम आलं मुंबईच्या एका ट्रस्टी मॅडमकडून, पैसे आठ हजार, त्यातले निम्मे अजून यायचेत. मॅडमनी ब्रीफ म्हणून पिंटरेस्टवरचे चौदा लोगो पाठवले आणि खरं सांगतो पश्या, चौदाच्या चौदा एकच लोगो होता. बाईचा चेहरा एका बाजूने, केस वाऱ्यावर उडतायत, पुढे जाऊन त्या केसांची पानं होतात नाहीतर पाखरं होतात, खाली ओंजळ, कोपऱ्यात फुलपाखरू, आणि सगळं गुलाबी-जांभळं. कॅनव्हावर 'वुमन एम्पॉवरमेंट' टाकून बघ, हेच ढिगाने येतं. त्या बाईच्या केसांना एवढा वारा येतो कुठून हे मला आजतागायत कळलेलं नाही, आटपाडीत तर वारा सुटला की बायका आधी डोक्यावरचा पदर दाताखाली धरतात.

जांभळ्यावर मॅडम ठाम होत्या, जांभळा म्हणजे बायकांचा रंग म्हणे. मी लगेच हुशारी केली, की मॅडम तो आला लंडनमधून, मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी १९०८ साली जांभळा, पांढरा आणि हिरवा असे तीन रंग मिळून घेतले होते, पुढे जगाने जांभळा तेवढा लक्षात ठेवला. त्या म्हणाल्या, इंटरेस्टिंग, मग जांभळाच ठेवा. घ्या! वर स्क्रीनवर झळाळणारा तो जांभळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईत गेला की कसा वांग्यासारखा मरतो हे तुला मी काय सांगणार, तुझी अर्धी हयात त्याच्याशी भांडण्यात गेली.

असो, चेहरा-केस करायचा नाही एवढं मी ठरवलं आणि दोन रात्री बसून मला एकदम 'सुचलं'. अंगठ्याचा ठसा! ठशाच्या रेषा वर जाता जाता उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या उघडतात. म्हणजे कालची अंगठेबहाद्दर बाई आज उजेडात वगैरे वगैरे. मला इतकं आवडलं की मी ते बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. मॅडमना पण आवडलं. त्यांनी 'पॉवरफुल' लिहून तीन हातांचे इमोजी पाठवले. मी म्हटलं फायनल करण्याआधी एकदा गावात जाऊन बायकांना दाखवून येतो. पश्या, हे मी चांगुलपणाने नाही म्हटलं हां, मला कौतुक करून घ्यायचं होतं.

स्वारगेटवरून एसटी पकडून गेलो, दुपारी समाजमंदिरात बैठक. बावीस बायका, दोन पोरं रांगतायत, सतरंजीवर मधोमध पासबुकांची चळत. मी ए-थ्रीचे प्रिंट भिंतीला चिकटवले आणि भाषण सुरू केलं. कोणी काही बोलेना. सगळ्या एकमेकींकडे बघतायत. शेवटी मागे बसलेली एक आक्का, साठीच्या पुढची असेल, ती म्हणाली, "दादा, ह्यो अंगठाच न्हवं का?" मी खुश होऊन म्हटलं, हो आक्का, बरोबर ओळखलंत. तर म्हणते, "अवो मग अंगठा सुटावा म्हनून तर आमी राती कंदील लावून सही शिकलो, आन् तुमी पुन्यास्नं येऊन परत अंगठाच लावताय व्हय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसलो, पण कान गरम झाले होते. आपल्याला अंगठा म्हणजे 'ओळख', 'युनिकनेस', मोबाईलचं लॉक. त्यांना अंगठा म्हणजे सावकाराची वही, तलाठ्याचा दाखला, बोटाची शाई नंतर पदराला पुसायची. एवढी साधी गोष्ट मला दोन रात्रीत दिसली नव्हती.

चहा घेताना तिथल्या कार्यकर्त्या ताईंनी शेजारच्या माण तालुक्यातली गोष्ट सांगितली. म्हसवडची माणदेशी बँक तू ऐकली असशील, चेतना सिन्हांनी १९९७ साली बायकांसाठी काढलेली. तर त्यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण सभासद बायका अडाणी, अर्जावर अंगठेच अंगठे. मग त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि साहेब लोकांना म्हणाल्या, शाळाच नव्हती गावात म्हणून लिहिता येत नव्हतं, पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय. मिळालं लायसन. ताई हे सांगत होत्या आणि मी भिंतीवरच्या माझ्या त्या पॉवरफुल अंगठ्याकडे बघत होतो.

प्रिंट काढून घडी घातले. मग काय करावं सुचेना म्हणून मी वहीची पानं फाडून सगळ्यांना वाटली आणि म्हटलं, संस्थेचं नाव लिहून द्या, जसं जमेल तसं. वास्तविक मी फक्त वेळ काढत होतो. पण लिहिताना बघत बसलो आणि तिथेच ते सापडलं बघ. ज्या लहानपणी शाळेत गेल्यात त्या एकेक अक्षर लिहून त्याच्यावर तिथल्या तिथे रेघ मारतात. ज्या मोठेपणी शिकल्यात त्यातल्या बऱ्याच जणी आधी सगळी अक्षरं सुटी लिहितात, जरा लांबून बघतात बरोबर आलं का, आणि मग डावीकडून उजवीकडे एकच लांब रेघ ओढतात. आक्काची रेघ तर शेवटचं अक्षर संपलं तरी थांबेना, कागदाच्या कडेपर्यंत गेली. ती ओढताना तिने श्वास धरला होता, पश्या. मी बघितलं.

तर तोच लोगो आहे. फक्त नाव, हाताने लिहिल्यासारखं, आणि वरची शिरोरेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे निघून गेलेली. थोडी वर चढते, किंचित वाकडी. चेहरा नाही, सूर्य नाही, फुलपाखरू तर नाहीच.

करायला मात्र जीव गेला. बावीस कागद स्कॅन केले, कॉम्प्युटरवर ट्रेस केले, आणि सवयीने रेषांचे नोड, म्हणजे वळणाचे बिंदू, साफ करत गेलो तर तिसऱ्या दिवशी ते एखाद्या मसाल्याच्या पाकिटावरच्या रेडीमेड फाँटसारखं दिसायला लागलं. सगळं डिलिट, परत पहिल्यापासून. कॉलेजात सर म्हणायचे अक्षराचा तोल बघा, सरळपणा नाही. तेव्हा आपण मागच्या बाकावर झोपा काढायचो, आता चाळिशीत कळतंय. आणि एक गंमत, मधल्या एका व्हर्जनमध्ये मी घाईत एका फाँटवरून ल उचलला होता, तो निघाला हिंदी वळणाचा. बायकांना व्हॉट्सॲपवर पाठवला तर गटाच्या सचिव, ज्या अंगणवाडीत आहेत, त्यांचा दोन मिनिटांत मेसेज, "दादा आपला ल पाकळीचा असतो." २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श असं ठरवून दिलंय हे मला ठाऊक होतं रे, तरी डोळ्यासमोरून गेलं.

मग टेस्ट. अप्पा बळवंत चौकाजवळ जाऊन रबरी शिक्का करून घेतला, कारण या लोगोचं खरं आयुष्य शिक्क्यातच जाणार, ठरावाच्या वहीवर, कर्जाच्या फॉर्मवर, सुकत आलेल्या स्टॅम्प पॅडवर. दहा वेळा उठवला, चांगला उठतो. त्या अंगठ्याच्या बारीक रेषा असत्या तर सगळी शाई भरून नुसता काळा गोळा आला असता. म्हणजे तो कामाच्या दृष्टीने पण बाद होता, आणि हे तू मला पहिल्या दिवशीच सांगितलं असतंस, पण मी तुला दाखवलाच नाही ना.

मॅडमचं उत्तर आलं, "लुक्स अ बिट अनफिनिश्ड." मी वाद नाही घातला, म्हटलं बैठकीत ठेवा. गावात बैठक झाली, ठराव झाला, हात वर करून पास. सगळंच गोड नाही हां, एक कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली की मोबाईलवर गोलात टाकलं की नाव वाचता येत नाही, अगदीच साधं दिसतं. बरोबर होतं तिचं. म्हणून डीपीसाठी नुसतं पहिलं अक्षर आणि गोलाच्या बाहेर जाणारी रेघ असं वेगळं करून दिलं. रंग मात्र बायकांनी निवडला, शाईचा निळा. मॅडमचा जांभळा बारगळला तो असा.

आता तुझं काम. त्यांना कापडी पिशव्या हव्यात, तीनशे नग, एकच रंग, जाड मांजरपाट. तुझ्या कारखान्यात स्क्रीन लावशील का, आणि रेट जरा माणसासारखा सांग, पैसे बायका गटातून भरणार आहेत, ट्रस्टी नाही. फाईल कोरल ड्रॉमध्ये पाठवतोय. फिल्म काढणाऱ्या तुझ्या त्या पोराला आधीच सांगून ठेव, मागच्या वेळी त्याने माझं एक लेटरहेड न विचारता सरळ करून टाकलं होतं. वरची रेघ वाकडी आहे आणि कडेच्या बाहेर जातेय, ती चूक नाहीये. तशीच ठेवायची.

वहिनींना नमस्कार, आणि शिक्क्याचा एक ठसा या कागदाच्या मागे मारलाय तो बघ.

तुझा,
बंड्या