रक्ताच्या आकड्यावरून आजार मोजताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत मज्जासंस्थेच्या स्वयंप्रतिकार विकारांवरील (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांवरील) लेख वाचला. रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर काढले की आजार किती बळावला आहे ते कळते, असा जो समज त्यातून होतो तो अर्धवट आहे, आणि मेंदूविकारतज्ज्ञ सहजी न भेटणाऱ्या आमच्या खानदेशात तो नाहक घबराट पसरवू शकतो, म्हणून हे पत्र.

माझ्या आईला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा स्वयंप्रतिकार आजार आहे. सकाळी नीट उघडणाऱ्या पापण्या दिवेलागणीला मिटू लागत आणि कळण्याची भाकरी अर्धी होते न होते तोच जबडा थके. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट १२ टक्के आले. भाच्याने मोबाइलवर भागाकार करून गुणोत्तर ‘सात’ सांगितले, आणि आजार बळावला असे वाटून त्या रात्री घरात कोणाला जेवण गेले नाही. वास्तविक त्याच आठवड्यात आईने कित्येक महिन्यांनी अख्खी भाकरी खाल्ली होती. स्टेरॉइडने रक्तातील न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, जंतुसंसर्गानेही बहुधा तसेच होते. त्यामुळे औषधाची चिठ्ठी शेजारी ठेवल्यावाचून हा भागाकार वाचण्यात अर्थ नाही. रुग्णांच्या गटात हे गुणोत्तर आजाराच्या तीव्रतेशी जुळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, पण गटाचा कल एकट्या रुग्णाचे भाकीत ठरत नाही.

प्रतिपिंडांचेही तसेच. अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची (मज्जातंतूचा निरोप स्नायूवर जिथे घेतला जातो तिथे हल्ला करणारी) प्रतिपिंडे सर्वांगी मायस्थेनियाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत सापडतात, म्हणून निदानात त्यांचे मोल मोठे. मात्र पातळी जास्त असलेला रुग्ण हिंडता-फिरता आणि कमी असलेला व्हेंटिलेटरवर, असेही घडते. तरीही मुंबईला नमुना पाठवून ही महागडी तपासणी दर तीन महिन्यांनी करण्याचा सल्ला आम्हाला एके ठिकाणी मिळाला होता आणि आम्ही तो वर्षभर पाळला.

त्याऐवजी घरच्यांना पाहता येण्याजोगे बरेच आहे. पाणी गिळताना ठसका लागतो का, बोलता बोलता आवाज नाकात जातो का, उताणे निजल्यावर दम लागतो का. खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगावेत. निरोगी माणूस साधारण ५० च्या आसपास जातो, रुग्ण पंधरा-वीसवरच अडखळू लागला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठावा. २०२५ च्या आरंभी पुण्यात गिया बारे सिंड्रोमची (प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची) साथ आली, तेव्हाही रुग्ण चालू शकतो का आणि श्वास पुरतो का, हेच आधी पाहावे लागत होते.

हा खुलासा पुरवणीच्या त्याच पानावर यावा, ही विनंती. त्या लेखाचे कात्रण आमच्या गावातील एका मेडिकलच्या काचेवर चिकटवलेले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)