गुलमर्गच्या भाईजानना, इंदूरहून

भाईजान, सलाम.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं नीट सांगायचं तर मला मराठीच लागते. फोनवर हिंदीतून वाचून दाखवीनच. पण इंदूरची आमच्यासारखी बरीच मंडळी आता बर्फात जायला लागली आहेत, त्यांच्याही कानावर पडावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही आमचे स्की-गाईड होतात, ती फेब्रुवारीतली सकाळ आठवते ना? गोंडोलाने, म्हणजे रोपवेच्या डब्याने, अफरवट डोंगरावर उतरलो, स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून धारेवरून तासभर चढलो. दोन दिवस बर्फ पडून आभाळ मोकळं झालं होतं. समोर उत्तरेकडचा उतार, एक रेघ न उमटलेला. आम्ही तिघं बूट आवळून तयार, आणि तुम्ही पाठीवरचं फावडं काढून खणायला बसलात.

खड्डा छातीइतका झाल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. वर भुसभुशीत ताजा बर्फ, त्याखाली वाऱ्याने आणून दाबलेला घट्ट थर, आणि अगदी तळाशी मोठे चकचकीत दाणे. मूठभर माझ्या हातात दिलेत. कितीही दाबलं तरी गोळा होईना, साखरेसारखे बोटांतून ओघळले. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. खाली जमिनीची ऊब, वर गोठवणारी हवा, त्यामुळे आतली वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना धरेनासे होतात, हे तुम्ही तिथे उभ्या उभ्या समजावलंत. सावलीतल्या उतारावर असा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. दक्षिणेकडे ऊन लागून बर्फ लवकर बसतो, पण दुपारी तोच ओला होऊन सुटू शकतो.

मग थर एकमेकांना किती धरून आहेत हे पाहायला 30 सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवलंत. मनगटातून दहा थापा, काही नाही. कोपरातून तिसरी थाप पडली आणि वरचा अख्खा ठोकळा टेबलाच्या खणासारखा सरकून बाहेर आला. उताराचा कोन 36 अंश. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांतच सुटतात.

तेवढ्यात दुसरी एक तुकडी त्याच उतारावरून सुखरूप खाली गेली. मी चिडलो, पैसे मोजलेत असंही बोलून गेलो. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. माझा बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधायला संकेत देणारं छोटं यंत्र, घेऊन सपाटीवर बर्फात पुरलात आणि म्हणालात, "ढूंढो." बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळं आमच्याकडे होतं, तरी बावीस मिनिटं लागली. गाडलेल्या माणसाची वाचण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने उतरते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्या बावीस मिनिटांनंतर आमच्यातल्या कोणीही त्या उताराकडे पाहिलं नाही. खालच्या झाडीतून, कमी चढाच्या बाजूने, एकेक करून उतरलो.

नुसतं "नाही" म्हणून परत आणणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही आमच्याच हाताने आम्हाला कारण दाखवलंत. घरी आल्यावर रामबागेच्या अंगणात आईसमोर सगळं सांगितलं. तिने तुमच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत.

तेव्हापासून दर रविवारी नेहरू पार्कात आम्ही तिघं बीकन लपवून शोधतोय. परवा सहा मिनिटांत सापडला. पुढच्या फेब्रुवारीत येतोय. खड्डा मी खणीन, तुम्ही फक्त काठावर उभे राहा.

तुमचा,
इंदूरचा चष्मेवाला